चारही चौकटींत माझंच नाव

मी आयुष्यात कापडाचा एक ताकाही विकला नाही, पण सुरत भागातल्या शंभरावर, बहुतेक कापडाच्या, दुकानांचा मालक बरीच वर्षं मीच होतो. कागदावर. बहुतेक दुकानदारांना हे माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ मला एकट्याला माहीत होता आणि त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही.

लोक मला मास्तर म्हणतात. वडील अमळनेरकडून इथे यंत्रमागावर आले. मी टायपिंग शिकलो आणि सुरतेच्याच गोडादरा भागात टायपिंगचा क्लास काढला. टायपिंग मेल्यावर त्याच खोलीत कॉम्प्युटर आले. पुढे व्यापाऱ्यांना वेबसाइटचं वेड लागलं तेव्हा मी त्यांना इंटरनेटवरची नावं नोंदवून देऊ लागलो. धंदा बदलला, पाटी तीनदा रंगवली, पण मास्तर हा शब्द पुसला गेला नाही.

हे काम कशाचं ते आधी सांगतो. तुम्ही मोबाइलवर एखाद्या दुकानाचं नाव आणि पुढे डॉट कॉम लिहिता आणि दुकान उघडतं. ते नाव जगात एकालाच मिळतं. मिळालं की त्याची एका मोठ्या नोंदवहीत नोंद होते आणि दर वर्षी ती चालू ठेवावी लागते. एकेका नावापुढे चार चौकटी असतात. मालक कोण, कारभार कोण बघतो, यंत्राचं काम कोण बघतो, बिल कोणाला पाठवायचं. प्रत्येक चौकटीत नाव, पत्ता, फोन, ईमेल भरायचा. भांडण झालं की दुकानात कोण बसतं, कापड कोण आणतं हे कोणी विचारत नाही. पहिल्या चौकटीत कोणाचं नाव आहे, एवढंच बघतात.

पूर्वी ही नोंदवही साऱ्या जगाला उघडी होती. तिचा फायदा घेणारे पुष्कळ. सकाळी एखाद्या शेठच्या नावावर नोंद केली की दुपारपासून त्याचा फोन वाजायला लागायचा. वेबसाइट बनवायची का, लोगो पाहिजे का, तुमचं नाव चीनमध्ये दुसरा कोणी घेतोय, लवकर पैसे भरा. शेठ वैतागून माझ्याकडे यायचे. "मास्तर, तमे मने क्यां फसाव्यो? आखो दिवस घंटडी वागे छे!" यावर मी एक उपाय काढला. गिऱ्हाइकाच्या जागी माझंच नाव, माझाच फोन, माझाच ईमेल. चारही चौकटींत. गिऱ्हाइकं खूश. त्यातल्या अर्ध्यांना ईमेलच नव्हता. "तुमचंच टाका ना मास्तर, तुम्ही घरचे आहात," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे विचारणंही सोडलं.

सुरुवातीला ही सोय होती हे मी शपथेवर सांगतो. जगभरचे विक्रेते मला फोन करायचे आणि मी त्यांना माझ्या टायपिंगच्या इंग्रजीत वाटेला लावायचो. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. गिऱ्हाईक मला सोडून जाऊ शकत नाही. दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तर नाव माझ्या हातात. मी कोणाला धमकी दिली नाही. गरजच पडली नाही. सगळे मला चहा पाजायचे, दिवाळीला मिठाईचा डबा यायचा, आणि मी मानायचो की हे माझ्या स्वभावामुळे आहे.

एकदा एक सफारी घातलेला माणूस आला. त्याला माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आणि फोन पाहिजे होते. हिशेबाचं कसलं तरी सॉफ्टवेअर विकायचं होतं त्याला. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि म्हणालो, "लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ही. मी विकत नाही." ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, जावयाच्या घरी, सगळीकडे सांगितली आहे. दुसरी सांगितली नाही. ती आता सांगतो.

शोभाताई शिरपूरकडच्या. त्यांचे यजमान नाना मागावर. शोभाताई घरी मशीन चालवायच्या. भाचीच्या लग्नात त्यांनी पाहिलं की नवरीला नऊवारी नेसवायला दोन बायका आणि एक तास लागतो, आणि वरातीत नाचताना ती सुटते. त्यांनी ती शिवून टाकली. निऱ्या पक्क्या, कासोटा पक्का, आत नाडी, बाजूला चेन. परकरासारखी चढवायची आणि चालू लागायचं. आता अशी साडी सगळीकडे मिळते. तेव्हा आमच्या भागात त्या एकट्याच शिवायच्या, कंबर आणि उंचीचं माप फोनवर विचारून. ही साडी धुळ्याला गेली, नाशिकला गेली, एक तर दुबईला गेली.

त्यांचा धाकटा दीर सुभाष. त्याचं कापड मार्केटमध्ये छोटं दुकान. कापड तो द्यायचा, शिलाई वहिनीची. वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा दोघंही माझ्याकडे आली. नाव काय ठेवायचं विचारल्यावर शोभाताईंनी क्षणाचाही वेळ न घेता त्यांच्या आईचं नाव सांगितलं आणि त्याला नऊवारी जोडलं. त्यांच्या आईने त्यांना शिवण शिकवलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय ते कुठेही वापरायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि ही ठरवायची गोष्ट मी फार उशिरा ठरवली.

ती माझ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. म्हणून तेव्हा मालकाच्या चौकटीत शोभाताईंचंच नाव घातलं होतं. नोंद झाली की मी त्या पानाची छापील प्रत काढून हिरव्या बॉक्स फाइलमध्ये लावायचो. टायपिंगच्या दिवसांतली सवय. नंतर फोनांचा त्रास सुरू झाला तेव्हा इतरांसारखं त्यांचंही नाव काढून मी माझं घातलं. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मशीनवरून उठावं लागायचं."

काही वर्षं बरी गेली. मग दीर-वहिनीत कुरबुर सुरू झाली. सुभाषला स्वस्त कापड लावून माल वाढवायचा होता. शोभाताई म्हणायच्या, आईच्या नावाने चिंधी विकणार नाही. त्याच दिवसांत त्या एकदा माझ्याकडे आल्या आणि सहज म्हणाल्या, "मास्तर, आमच्या वेबसाइटचा पासवर्ड लिहून द्या ना. भाचा कॉम्प्युटर शिकलाय. तो बघेल म्हणतोय."

एवढंच. त्यात वावगं काही नव्हतं. पण मला ते झोंबलं. मी यांचे इतके फोन झेलले आणि आता भाचा! मी म्हणालो, "देतो, शोधायला लागेल." शोधायला काही लागणार नव्हतं.

त्याच आठवड्यात सुभाष आला. मार्केटमधली आणखी दुकानं माझ्याकडे आणतो म्हणाला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "ते नाव माझ्या दुकानाच्या नावावर करून द्या." मी करून दिलं. पाच मिनिटांचं काम. मालकाच्या चौकटीतून माझं नाव काढलं, त्याचं घातलं. ईमेल तेवढा माझाच राहिला, कारण त्याला ईमेल नव्हता.

पंधरा दिवसांनी शोभाताईंना कळलं. सुभाषने त्या नावावर विकलेल्या साड्यांची गिऱ्हाइकं फोन करून तक्रार करू लागली तेव्हा. त्या माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "वरून कंपनीने केलं असेल. नियम बदलतात." माझ्या तोंडातून हे इतकं सहज आलं की माझा मलाच अचंबा वाटला.

त्यांनी वकील गाठला. वकिलाने सांगितलं, नाव पहिल्यांदा तुमच्या नावावर होतं याचा कागद आणा, मग बघू. त्या पुन्हा आल्या. "मास्तर, तुम्ही प्रत काढून ठेवता ना? त्या हिरव्या फाइलीत?"

त्याच्या आदल्याच आठवड्यात खाडीचं पाणी चढलं होतं. लिंबायत-गोडादऱ्यात राहणाऱ्याला खाडीपूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुकानात गुडघाभर पाणी, काळं, वासाचं. मी म्हणालो, "गेली ताई. भिजून लगदा झाला."

त्यांनी विश्वास ठेवला. गल्लीत सगळ्यांचंच काही ना काही भिजलं होतं. फाइल माळ्यावर होती. तिच्यावर पाण्याचा शिंतोडाही उडाला नव्हता.

वकिलाने कागद नाही म्हणून हात वर केले. शोभाताईंनी आईचं नाव सोडलं आणि फोनवरच ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. दीर-वहिनीचं बोलणं बंद झालं. लग्नाच्या पत्रिका इकडून तिकडे जात राहिल्या, एवढाच संबंध.

दोन वर्षांपूर्वी मी दुकान बंद केलं. गुडघे बरे आहेत, सून जेवायला चांगलं घालते, सकाळी खमण आणायला मीच जातो. तक्रार करावी असं काही नाही. पण माळा रिकामा करताना फाइल हातात आली आणि वाटलं, उद्या मी गेलो तर शंभर लोकांची नावं माझ्याबरोबर अडकतील. माझ्या मुलाला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून ठरवलं, एकेक नाव ज्याचं त्याला परत करायचं.

वाटलं होतं, फोनवर होईल. पहिलाच फोन एका जरीवाल्याला केला. म्हटलं, "शेठ, तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो मला सांगा." मग शेठ म्हणाले, "कोण बोले छे?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरनो अवाज आवो नथी. अने ओटीपी तो हुं मारी बायडीनेय नथी आपतो." ओटीपी बायकोलाही न देणाऱ्या शेठनी फोन ठेवला. तीस वर्षांची ओळख. सरकारने आणि बँकेने मिळून लोकांना इतकं शहाणं केलं आहे की खरं काम करायला निघालेला माणूस चोर ठरतो. मग पिशवीत फाइल घातली, पाण्याची बाटली घेतली आणि दारोदार निघालो.

ते दिवस मोठे मजेचे गेले. पलसाण्याच्या एका रंगाईवाल्याने मालक व्हायला साफ नकार दिला. "मास्तर, तुमच्याच नावावर राहू द्या. फोन कोण उचलणार?" मी समजावलं की आता नोंदवही झाकलेली असते, नाव-फोन कोणालाही दिसत नाही. तो म्हणाला, "मग तुम्हाला काय अडचण आहे?" त्याला पटवायला मला त्याच्या बायकोची मदत घ्यावी लागली. बारडोलीच्या एका गुळवाल्याला तर आपली वेबसाइट आहे हेच आठवत नव्हतं. मी मोबाइलवर उघडून दाखवली. त्यात एकच फोटो होता, काळ्या मिशांचा तो आणि मागे ट्रॅक्टर. त्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला तो आख्ख्या आळीत फिरवून आणला. तोवर मी गूळ खात बसलो.

अशी यादी संपत आली. शेवटी एकच पान उरलं. ते मी फाइलच्या तळाशी ठेवत होतो, आणि फाइल लहान होत गेली तसं ते वर येत होतं.

नेमक्या त्याच वेळी माझ्या ईमेलवर आठवण आली. शोभाताईंच्या आईच्या नावाची मुदत संपत होती. दर वर्षी ती यायची आणि मी सुभाषला फोन करायचो. मनात आलं, या वेळी फोन करायचाच नाही. मुदत संपेल, काही दिवसांनी नाव मोकळं होईल, मी ते उचलून शोभाताईंच्या नावावर करीन. कोणाला काही सांगावं लागणार नाही. शोभाताई म्हणतील, मास्तरांनी मिळवून दिलं. वर त्या मला चहा पाजतील.

हा विचार मी दोन दिवस जवळ बाळगला. फार सोयीचा होता. मग लक्षात आलं की माझं पहिलं पापही असंच सोयीचं होतं. तिसऱ्या दिवशी मी मार्केटमध्ये सुभाषच्या दुकानात गेलो.

सुभाषचे केस पांढरे झाले आहेत. धंदा मुलगा बघतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून विकतो. मी त्याला हिरवी फाइल दाखवली. पान दाखवलं. मालक, शोभाताई.

त्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "हे तर पुरात गेलं होतं ना?"

"नव्हतं गेलं."

त्याने पान माझ्याकडे परत सरकवलं. "मास्तर, मी तेव्हा तुम्हाला एक विचारलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. तो विसरला असावा अशी माझी आशा होती.

"मी विचारलं होतं, वहिनीला विचारायला लागेल का? तुम्ही म्हणालात, कागदावर मालक मी आहे, मला विचारलंस तेवढं पुरे. मला वाटलं, मास्तर शिकलेले आहेत. बरोबर असेल."

इतकी वर्षं मी सगळ्याचा अर्धा भार तरी सुभाषवर टाकून झोपत होतो.

"मलाही पाहिजेच होतं म्हणा ते," तो मग म्हणाला. "नाहीतर तुम्ही गरज नाही म्हटल्यावरही मी वहिनीला विचारायला गेलोच असतो." त्याने मुलाला हाक मारून मोबाइल मागवला. "काय दाबायचं सांगा."

मी सांगितलं तिथे त्याने दाबलं. मग मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"नको. आधी तुम्ही जा. वहिनी तुमच्यावर तापून झाली की मला फोन करा. मग मी येतो."

शोभाताईंचं घर आता दोन मजली आहे. वर चार बायका मशीनवर बसतात. जिन्यातूनच आवाज येतो. मला बघून त्या म्हणाल्या, "या मास्तर, बठा. नाना, मास्तर उनात!" आनंदात किंवा रागात त्या घरच्या अहिराणीवर येतात. नाना जेवत होते, त्यांनी हात वर केला. माझ्यापुढे पाणी आलं. मी ते प्यायलो नाही. फाइल उघडून पान त्यांच्या मशीनवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पासवर्डपासून सुभाषच्या प्रश्नापर्यंत. बायकांच्या मशिनी एकेक करून थांबल्या.

शोभाताईंच्या हातात अर्धी निरी होती. त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं मास्तर?"

"गुडघ्यापर्यंत."

"आणि फाइल?"

"माळ्यावर."

"कोरडी?"

"कोरडी."

त्यांनी निरी पूर्ण केली. दोरा तोडला. मग म्हणाल्या, "तुम्ही पाणी उपसत होता म्हणून मी डबा पाठवला होता."

"तीन दिवस," मी म्हणालो.

"कळण्याची भाकरी होती पहिल्या दिवशी."

मला आठवत होतं. ठेचाही होता. मी त्या कोरड्या फाइलखाली बसून ती भाकरी खाल्ली होती. माझी नजर वर होईना. नानांनी ताटावरून उठून हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "आज जेवूनच जा आता. उगाच एक दिवस कशाला सोडता?" एक बाई फिसकन हसली. शोभाताईही हसल्या, पण डोळे पुसून. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "दाखवा, कुठे लिहायचं."

मी मोबाइल पुढे केला. त्यांच्या मोबाइलवर नंबर आला तेव्हा मी सवयीने म्हणालो, "सांगा."

"सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतः टाकला.

मग मालकाची चौकट आली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी आपलं नाव भरलं. फोन भरला. पत्ता भरला. दुसरी, तिसरी, चौथी चौकट. शेवटी एक प्रश्न आला: ही माहिती सर्वांना दिसू द्यायची का? हल्ली आपोआप 'नाही'वर खूण असते. मी म्हटलं, "तसंच राहू द्या. झाकलेलं बरं. नाहीतर फोन सुरू होतील."

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मन्ही मायनं नाव शे ते. आणि त्याच्यापुढे माझं नाव मी पहिल्यांदा स्वतः लिहिलंय. झाकू कशाला?"

त्यांनी खूण बदलली.

जेवण झाल्यावर मी जिन्यात उभा राहून सुभाषला फोन केला. म्हटलं, माझ्यावर तापून झाली, आता ये. तो रविवारी गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. ते त्यांचं आहे, त्यात मी कुठल्याच चौकटीत नाही.

माझा फोन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच वाजला. मी खमणच्या रांगेत होतो. शोभाताई होत्या, आणि मागे सगळ्या मशिनींचा आवाज.

"मास्तर, पहिला फोन आला! कोणी इंग्रजीत बोलत होता. मी हिंदीत ये म्हटलं तर आला हिंदीत. विचारत होता, मॅडम, इस नाम की मालकिन आप ही हैं क्या?"

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितलं, हो. मीच. आणि त्याला म्हटलं, परत एकदा विचार."